अठाईतला ताप

पाचोरा,
१२ सप्टेंबर १९६९

लाडक्या पुष्पीला राजीचा आशीर्वाद.

हसू नकोस, सध्या मी आशीर्वाद देण्याइतकी मोठी झाले आहे. आमचं पर्युषण चालू आहे आणि मी अठाई धरली आहे. आठ दिवस अन्न नाही, दिवसा उकळून गार केलेलं पाणी तेवढं. म्हाताऱ्या बायका येऊन माझ्या पाया पडतात, मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

तुझी बदली बाळंतपणाच्या वॉर्डात झाली का? ती मोठी सिस्टर अजून तशीच खेकसते का? जमलं तर आईकडे डोकावून ये.

इकडे सगळं छान आहे. हे दिवाळीच्या कापडखरेदीला सुरतेला गेलेत. सासूबाईंचं तर काय सांगू, लग्न होऊन दोन वर्षं झाली, पण 'राजकुंवर बेटा' अशी हाक आत्ता पहिल्यांदा ऐकली. पारण्याला मला वाजतगाजत स्थानकात, साध्वींच्या दर्शनाला नेणार म्हणे. केशरी ओढणीही आणून ठेवलीय.

दुपारी बायका जमून तपाची गाणी म्हणतात आणि जाताना एकेकजण विचारते, "शाता आहे ना?" तप करणाऱ्याला आमच्यात असंच विचारतात, सुखरूप आहेस ना म्हणून. मी म्हणते, शाता आहे. दुसरं उत्तर कुणी देतच नाही. एवढ्या माणसांत बसून किती एकटं वाटतं, तुला पटायचं नाही.

इंजेक्शनचं तू विचारशीलच. या महिन्याचं राहिलं. आईला बघायच्या निमित्ताने धुळ्याला यायचं आणि तुझ्या हातून टोचून घ्यायचं, हे बरं चाललं होतं. पण पर्युषणात सून माहेरी कशी जाणार? इथला डॉक्टर मामंजींच्या रोजच्या बैठकीतला. सुईने अठाई मोडते का, एवढं साधं विचारायचीही सोय नाही. विचारलं तर कसली सुई तेही सांगावं लागणार. लहानपणी घसा सुजून ताप आला, तो सांध्यांत उतरला आणि हृदयाची झडप बिघडवून गेला, तो परत येऊ नये म्हणून दर महिन्याला ही सुई, हे बापूंनी लग्न ठरवताना गिळलं. त्यांचा फार राग येतो. पण सांगितलं असतं तर मला केली कुणी असती?

पुष्पी, गेल्या आठवड्यात माझा घसा सुजला. आधी जावेच्या मुलीचा सुजला होता, ती माझ्याच कुशीत झोपते. तीन दिवसांपासून ताप आहे. डावा गुडघा सुजला होता, तो उतरला आणि आज उजवा घोटा धरला. जिना चढले की धाप लागते. सासूबाई म्हणतात, तपाचा ताप आहे, भाग्यवंतालाच येतो. इतक्या मायेने कपाळावरून हात फिरवतात की मी म्हणते, शाता आहे. खरं कळल्यावर तो हात परत फिरायचा नाही. हे दुखणं परत उलटलं तर काय होतं ते तू वॉर्डात पाहिलंयस. मला मरायचं नाहीये गं.

पत्र हाती पडताच मिळेल त्या गाडीने ये. साध्या साडीत, मैत्रीण म्हणून येऊ नकोस. दवाखान्याचे पांढरे कपडे घालून, सगळ्यांच्या देखत ये. सासूबाई विचारतील, ही कशाला आली? मग मला सांगावंच लागेल. आपण होऊन माझ्याने तोंड उघडवत नाही.

तू येशील म्हणून जीव धरून बसलेली,
आणि येशील म्हणूनच घाबरलेली,
तुझी राजी