तार केली आहे, असे मी सांगितले

मी, निवृत्त पोस्टमास्तर, वय वर्षे अठ्ठ्याहत्तर, पूर्ण शुद्धीवर, कोणी हात न धरता आणि कोणी कानाशी न लागता, स्वतःच्या अक्षरात हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. काल डॉक्टरीणबाईंनी मला तपासले, शंभरापासून उलटे आकडे म्हणायला लावले आणि माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला दिला. तो सोबत जोडला आहे. यापूर्वी मी केलेले मृत्युपत्र रद्द समजावे. त्यात मी माझ्या एकुलत्या मुलाला एका ओळीत बेदखल केले होते, आणि ती ओळ लिहून पोटभर जेवलोही होतो.

१. या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझ्या हाताखाली एकतीस वर्षे पोस्टमन असलेल्या 'वादळ' याने करावी. सबंध खात्यात त्याच्याइतक्या सावकाश सायकल चालवणारा माणूस झाला नाही, म्हणून हे नाव मीच ठेवले आणि ते त्याच्या बायकोच्याही तोंडात बसले. तो उशिरा पोचेल, पण पोचेल. घाई करू नये.

२. माझे राहते घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर, मागची पडवी आणि गळका नळ, हे सर्व मी माझ्या सुनेला देतो. मुलाला नाही, सुनेला. मुलाला दिले तर तो घेणार नाही. हट्टीपणात तो थेट माझ्यावर गेला आहे. शिवाय सुनेची नोकरी मी घालवली, ते कलम पाचमध्ये येईल. घर दिल्याने त्याची भरपाई होते असे मी मानत नाही, पण माझ्याकडे याहून मोठे काही नाही.

३. शिल्लक असेल ती मुलाच्या मुलाबाळांना समान द्यावी. त्याला मूलबाळ आहे की नाही हे मला ठाऊक नाही. आपण आजोबा झालो की नाही, हे वादळाकडून शोधून घ्यायची वेळ माझ्यावर आली आहे, यावरून काय ते समजावे.

४. भिंतीवरचे घड्याळ वादळाने घ्यावे. नोकरीत असताना ते ऑफिसात टांगलेले असायचे, पण ते माझे स्वतःचे, सरकारी नव्हे. एका तपासनीस साहेबांनी भेटीच्या वहीत ते चार मिनिटे मागे असल्याचा शेरा मारला होता. मागे त्यांचे मनगटी घड्याळ होते. मी अकरा पानी खुलासा पाठवला, त्याला उत्तर आले नाही. साहेब आता हयात नाहीत, तरी नोंद असावी म्हणून लिहितो.

पोस्ट, तार आणि टेलिफोन यांच्या नियमांचे पुस्तक मात्र कोणालाही देऊ नये. दर महिन्याला दुरुस्तीच्या चिठ्ठ्या यायच्या, त्या मी जागच्या जागी चिकटवत गेलो. पुस्तक फुगून उशीएवढे झाले आहे. त्यातला कोणताही नियम मला रात्री उठवून विचारला असता तरी मी आकड्यासकट सांगितला असता. हे पुस्तक रद्दीत घालावे. मी त्याच्या जोरावर आयुष्यभर नाकाने कांदे सोलले, आणि खरी वेळ आली तेव्हा तेच पुस्तक पायाखाली घातले.

५. आमच्या इमारतीत खाली पोस्ट आणि तारघर होते, वर टेलिफोन एक्स्चेंज. तिन्ही माझ्या अखत्यारीत. वर तीन ऑपरेटर मुली बसत. त्यांतली एक परगावाहून आलेली, सडपातळ, आवाज स्वच्छ. माझा मुलगा टेलिफोनच्या तारा दुरुस्त करणारा लाइनमन. खांबावर चढला की तो तिथूनच फोन जोडून लाइन तपासायचा, आणि त्याची लाइन नेमकी तिच्याच हातात लागायची. एक खांब तपासायला पाऊण तास कसा लागतो, हे सगळ्या ऑफिसला कळले होते, फक्त मला सोडून.

नियम असा होता की तातडीचा सरकारी कॉल आला की चालू असलेले खासगी बोलणे तोडून लाइन द्यायची. एके दुपारी वरिष्ठ कचेरीचा कॉल आला, आणि त्या मुलीने तो नऊ मिनिटे खोळंबून ठेवला. लाइनवर एक आई होती. दूरच्या इस्पितळात दुसऱ्या दिवशी तिच्या मुलाचे ऑपरेशन होते. मी वर जाऊन जाब विचारला.

ती म्हणाली, "मास्तर, आई बोलत होती हो त्याच्याशी. मध्ये तोडायला हात धजेना."

मी म्हणालो, "नियमात आई हा शब्द नाही."

मला हे वाक्य तेव्हा फार आवडले होते. घरी जाऊन बायकोलाही ऐकवले. ती ताटात भाजी वाढून आत गेली. मी रिपोर्ट पाठवला, महिन्याभरात मुलगी नोकरीवरून गेली. तो तातडीचा कॉल वरिष्ठ कचेरीच्या पडद्यांची मापे मागवण्यासाठी होता.

पुढच्याच आठवड्यात मुलगा समोर उभा राहिला. "बाबा, तुम्ही लिहिलेला रिपोर्ट वाचला मी. तिच्याशी लग्न करतोय."

"मग या घरात पुन्हा पाय ठेवायचा नाही."

"नाही ठेवत," तो म्हणाला आणि आत जाऊन आईच्या पाया पडला. दूरवर बदली मागून घेतली. आई दारात उभी होती. तिला वाटले, पंधरा दिवसांत दोघांचीही डोकी थंड होतील.

६. आता जे लिहायचे त्यासाठी गेले सहा महिने मी हा कागद पुढे घेतो आहे आणि परत ठेवतो आहे.

मुलाने पत्रे पाठवली. एकूण सात. एकही माझ्या नावे नव्हते, सगळी त्याच्या आईच्या नावे. टपालाची थैली उघडली की पत्रे आधी माझ्या टेबलावर येत. मी त्याचे अक्षर ओळखले, पाकिटावर 'घेण्यास नकार' असा शेरा लिहिला, शिक्का मारला आणि ते परत पाठवले. असे सातही वेळा केले. पत्र नाकारण्याचा हक्क ज्याच्या नावे ते असते त्याचाच, दुसऱ्या कोणाचा नाही. नवऱ्याचा तर नाहीच. नऊ मिनिटांसाठी एका पोरीची भाकरी काढून घेणाऱ्या मी, स्वतःच्या बायकोची सात पत्रे दाबली, आणि संध्याकाळी तिच्याच हातचा चहा प्यायलो. हा गुन्हा आहे. मी तो केला आहे. कोणी शिकवले नव्हते, कोणी भाग पाडले नव्हते.

ती रोज दुपारी पडवीत येऊन बसायची. वादळ सायकल ढकलत आला की विचारायची, "आमचं काही?"

"नाही वहिनी. उद्या येईल."

त्याला काही ठाऊक नव्हते. पत्रे त्याच्या गठ्ठ्यात येतच नव्हती. सातव्या पत्रानंतर मुलाने लिहिणे सोडले. त्याला काय वाटले असेल? आईनेच नकार दिला, दुसरे काय वाटणार! नाकारलेल्या पत्रावर शेरा पोस्टानेच लिहायचा असतो, त्यामुळे माझ्या अक्षरावरून त्याला संशय येण्याचे कारण नव्हते.

तिचे विचारणे मात्र थांबले नाही. मी निवृत्त झालो, वादळ निवृत्त झाला, तरी नवा पोस्टमन दिसला की ती उठून पडवीत जायची.

७. चार वर्षांपूर्वी ती आजारी पडली. डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितले, कोणाला बोलवायचे असेल तर बोलवा. बायको म्हणाली, "त्याला कळवा हो. आता तरी कळवा."

मी तारघरात गेलो. खिडकीतल्या कारकुनाने मला बघून उठून नमस्कार केला. मी फॉर्म घेतला आणि लिहिले, 'आई अत्यवस्थ. लगेच ये.' खाली पाठवणाऱ्याची सही आणि पत्ता लिहायचा असतो, त्याशिवाय फॉर्म घेत नाहीत. तिथे माझा हात अडला. तो आला, आईजवळ बसला, की पहिली गोष्ट काय बोलेल? 'मी सात पत्रं लिहिली, तू सातही परत केलीस.' ती माझ्याकडे बघेल. मरणाच्या दारातल्या बाईची ती नजर सोसायची माझी छाती झाली नाही. मी शेपूट घातले. फॉर्म घडी करून खिशात ठेवला आणि घरी आलो.

"केलीत तार?"

"केली आहे."

तारमास्तराच्या तोंडचे ते वाक्य. त्यावर कोण शंका घेणार? ती दोन दिवस दाराकडे तोंड करून निजली. कूस बदलून द्यायला गेलो तर म्हणायची, "असंच राहू द्या, दार दिसतंय." तिसऱ्या दिवशी सकाळी ती गेली.

माणसे जमली. "मुलाला तार केली ना?" प्रत्येकाने विचारले. "केली आहे," मी प्रत्येकाला सांगितले. लोक दुपारपर्यंत थांबले, मग म्हणाले, कसला कुलांगार निपजला, आईच्या मरणालाही आला नाही. वादळ सर्वांत जास्त बोलला. मी खाली मान घालून ऐकत बसलो, आणि लोक माझ्या पाठीवरून हात फिरवत होते.

माझ्या मुलाला आजपर्यंत माहीत नाही की त्याची आई गेली.

८. म्हणून माझ्या मृत्यूनंतर वादळाने हे मृत्युपत्र स्वतः जाऊन मुलाच्या हाती द्यावे आणि आई गेल्याचे आधी तोंडाने सांगावे. मुलगा अजून टेलिफोन खात्यातच आहे, त्याचा नंबर तिकडच्या डिरेक्टरीत आहे, ती मी मागवून ठेवली आहे. माझ्याकडेही आता टेलिफोन आहे. मी तो नंबर तीनदा फिरवला आणि पलीकडून उचलताच खाली ठेवला.

सहीपूर्वी जोडलेला मजकूर

साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, हे मी वादळाला सांगितले. त्याने ऐकले नाही. चष्मा लावून सावकाश, बोट ठेवत, सगळे वाचले. मग पेन टेबलावर आपटले.

"मी नाही सही करणार. चार वर्षं मी त्या पोराला शिव्या घालतोय, मास्तर! चौकात उभं राहून! आणि हे तुम्ही मेल्यावर मी सांगायचं? मग तो भांडायचा कुणाशी, माझ्याशी?"

त्याने डिरेक्टरी ओढली, नंबर फिरवला आणि रिसीव्हर माझ्या हातात कोंबला. उठायला लागलो तर खांदा दाबून धरला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याने घाई केली.

सुनेने उचलला. मी कोण ते सांगितले. तिने आत हाक मारली. मुलगा आला.

"तुमच्याशी मला बोलायचं नाही," तो म्हणाला. "आईला द्या."

मी म्हणालो, "ती नाही रे. चार वर्षं झाली."

"काय?"

"मी कळवलं नाही. तुझी पत्रंही मीच परत केली. तिला एकही दिसलं नाही. ती शेवटपर्यंत विचारत होती."

रिसीव्हर कशावर तरी आपटल्याचा आवाज आला. मला वाटले, संपले. तेवढ्यात सूनच बोलली. "ते बाहेर जाऊन बसलेत. मी आहे फोनवर. त्या कशानं गेल्या? फार हाल झाले का? जवळ कोण होतं?"

जिची नोकरी मी घालवली त्या मुलीला मी सगळे सांगितले. किती वेळ बोलत होतो याचा हिशेब नाही. रडलोही. तिने मध्ये एकदाही थांबवले नाही. शेवटी म्हणाली, "मास्तर, उद्या याच वेळी पुन्हा करा. ते बोलतील की नाही, मला सांगता येत नाही. पण मी उचलेन."

कलम आठमधील मजकूर खोडला आहे. बाकी सर्व कायम.

लिहून देणार: सही, निवृत्त पोस्टमास्तर

साक्षीदार पहिला: सही, निवृत्त पोस्टमन. सही केली आहे. राग गेलेला नाही.

साक्षीदार दुसरी: सही, डॉक्टर. लिहून देणाऱ्यांनी आम्हा दोघांसमोर सही केली, आणि आम्ही त्यांच्यासमोर. रक्तदाब वाढलेला, शुद्ध पूर्ण.

ठिकाण: राहते घर, पुढची खोली
दिनांक: चौदा, गुरुवार, दुपारी सव्वाचार