पारास्कीवाच्या नावाची खुर्ची

याश, २ ऑक्टोबर

प्रिय बाबा,

मागच्या पत्रात मी लिहिलं होतं की बुखारेस्टच्या पोकर स्पर्धेतली जागा दोरिनदादाने जिंकली. ते चूक आहे, आणि चूक तशीच राहिली तर मला झोप लागायची नाही, म्हणून आधी दुरुस्त करते. जागा मी जिंकली. म्हणजे त्या वेळी मी औषधाच्या दुकानात काउंटरमागे उभी राहून एका आजोबांना रक्तदाबाच्या गोळ्या समजावत होते. पण स्पर्धेच्या यादीत नाव पारास्कीवाचं आहे, ओळखपत्र माझं आहे आणि फोटोही माझाच.

तो फोटो त्यांच्याकडे कसा गेला तेही सांगते, कारण आई तुम्हाला वेगळंच सांगेल. गेल्या हिवाळ्यात दादाने आईच्या देखत सही करून स्वतःला ऑनलाइन जुगारातून बाद करून घेतलं. एकदा अशी सही केली की देशातली कुठलीही साइट त्या माणसाला आत घेत नाही. आई रडली, तिने त्याचं कपाळ चुंबलं, शेजारीपाजारी केक वाटला. थोड्याच दिवसांनी तो मला म्हणाला, "किवा, ओळखपत्र हातात धर आणि इकडे बघ जरा. नवं इंटरनेट तुझ्या नावावर घेतोय, तुझ्या वयाला सवलत आहे." मी केससुद्धा नीट केले, बाबा! आणि त्या दिवसापासून घरात बसून, माझ्या नावाने, तो खेळतो आहे. मला हे कळलं ते जागा मिळाल्यावर. ती ऑनलाइन जिंकता येते, पण बसायचं मात्र खरोखरच्या टेबलावर, ओळखपत्र दाखवून. आणि ओळखपत्रावर दाढी नाही.

आता सगळ्यांचं म्हणणं एकच, की मी जावं आणि बसावं. आई म्हणते, तिथे जेवण फुकट आहे. दादा म्हणतो, "तू फक्त पत्ते बघ आणि मी शिकवलंय तसं कर. तोंड तर तुझं जन्मापासून पोकरचंच आहे." आणि तुम्ही? तुम्ही सारागोसाहून फोनवर हसत म्हणालात, "एवढं काय त्यात, नाव घरातलंच तर आहे!" बाबा, दुकानात एका अक्षराने नाव चुकलं तर मी औषध देत नाही. माझं नाव घरातलं नाही. मीठ घरातलं असतं, शिडी घरातली असते.

रविवारी तर कहर झाला. आईने चर्चमध्ये प्रार्थनेची चिठ्ठी दिली, आणि त्यात दादाचं नाव न घालता माझं घातलं: "पारास्कीवा, यशासाठी." मी विचारलं तर म्हणते, "अगं, खुर्ची तुझ्या नावावर आहे. दोरिनसाठी मागितलं तर आशीर्वाद चुकीच्या पत्त्यावर जाईल." फादर विसारिओननी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं आणि बाहेर पडताना मला थांबवून प्रेमाने विचारलं, "कसली परीक्षा गं पोरी?" मागून आईनेच उत्तर दिलं: "हिशेबाची!" पायऱ्यांवरच्या म्हाताऱ्यांनी माझ्यासाठी क्रॉसची खूण केली. मी तिथेच जमिनीत गेले असते तर बरं झालं असतं.

तुम्ही कामासाठी परदेशी गेलात तेव्हा आपल्या इमारतीत हा खेळ कुणाला ठाऊकही नव्हता. मग महामारीत सगळे घरात कोंडले गेले, आणि आता दर दुसऱ्या घरात कुणीतरी पडद्यासमोर बसलेलं असतं. एकाच वेळी चार चार टेबलं. ना थांबायला लागतं, ना कुणाच्या डोळ्यांत बघायला. दादा फर्निचरच्या गोदामातली नोकरी सोडून बसला आणि वर मलाच ऐकवतो, "हे नशीब नाही किवा, ही बुद्धी आहे." मला सगळ्यात जास्त चीड याची येते की ते अर्धं खरं आहे. शाळेत जाण्याआधी तुम्हीच मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर ताबिनेत खेळताना पत्त्यांनी बेरीज शिकवलीत: हातात सात असेल तर खालचे तीन आणि चार उचलायचे. दादाने शिकवायला घेतलं तेव्हा मला पटापट येऊ लागलं. आवडूही लागलं. समोरच्याने किती लावलं, का लावलं, तो घाबरलाय की घाबरवतोय, हे ओळखलं की डोक्यात दिवा लागल्यासारखं होतं. दादा ओरडला, "बघ, रक्तातच आहे!"

मग पडद्यावरच्या टेबलावर गलात्स शहरातला कुणीतरी आला. तो हरायचा, पुन्हा पैसे भरायचा, पुन्हा हरायचा. कामाच्या दिवशी, भर दुपारी. दादा हात चोळत म्हणाला, "मासा आला गं, मोठा मासा! हळू, पळवू नकोस त्याला." मी विचारलं, हा घरी काय सांगत असेल? दादा म्हणाला, "माशाला घर कुठलं?" बाबा, गेल्या हिवाळ्यात दादा हाच मासा होता. आईच्या पायाशी बसून रडणारा तोच होता. एवढ्या लवकर विसरला? मी उठले आणि त्यानंतर पत्त्यांना हात लावला नाही. तो म्हणतो मी भित्री आहे. आहेच. गॅस बंद केला का ते बघायला मी जिन्यातून परत येते, हे तुम्हाला माहीत आहे. पण या वेळी मी भीतीने नाही म्हणत नाहीये, रागाने म्हणते आहे.

हे फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर तुम्ही हसता, मग मला रडू येतं, आणि मग आई फोन घेते. तुम्ही रजा टाकली आहे असं तिने सांगितलं, मला टेबलावर बसलेलं बघायला. बसचं तिकीट काढू नका. मुलीला भेटायला यायचं असेल तर केव्हाही या, त्या खुर्चीसाठी नको. दादाने जी सही केली होती तीच मी करणार आहे, माझ्या नावाने, माझ्या हाताने. मग ती जागाही गेली आणि ते खातंही गेलं. ज्या मुलीने कधी स्वतःचा एक पैसा लावला नाही ती जुगारी म्हणून सरकारदरबारी कायमची नोंदली जाईल, जाऊ दे. दादा माझ्याशी बोलणार नाही, कदाचित वर्षभर. त्याच्या पाठीमागे करायला मी दोरिन नाही, म्हणून सोमवारी माझ्या नामदिनाच्या जेवणाला सगळे बसले की तोंडावर सांगेन. त्या दिवशी माझ्या नावाच्या संतिणीच्या उत्सवामुळे शहर बंद असतं. सहीसाठी नोटरीने दुसऱ्या दिवशी सकाळची वेळ दिली आहे: मंगळवार, १५ ऑक्टोबर.

तुमचीच,
किवा