दोन्ही हात डावे

३ मे २०००

आला! चौथा आला!

कडूबामामा शहागडहून आले आणि पिशवीतला खोका माझ्याच हातात दिला. त्यांचा ढाबा आहे, ट्रकवाले थांबतात. "तुह्या बापानं, तातेरावनं धाडला. ड्रायव्हर देऊन गेल्ता." दर वाढदिवसाला एवढंच बोलतात. बाबा ट्रक घेऊन गेले त्याला चार वर्षं झाली. पत्र नाही, फोन नाही. पण टीव्हीवरच्या लोहगण कार्टूनमधला रोबो बराबर येतो! पंधरा वर्षांची घोडी झाले तरी मला तो हवाच असतो.

यंदाही भीमरथच – ट्रकचा रोबो होतो तो. आधीचे तिन्ही लाल, हा निळा. पण उघडेचना! खांद्यात अडकतो. नीट पाहिलं तर दोन्ही हात डावे!!

तेवढ्यात आई कुंकू घेऊन आली. घरात नवी वस्तू आली की खोबरेल तेलात कुंकू कालवून तिच्यावर पाच बोटं ओढल्याशिवाय आईला चैन पडत नाही. कुकर अजून लाल आहे. मी ओरडले, "याला न्हाई हं, आई!" माझ्या रोबोंना मी तिला कधीच हात लावू देत नाही. ती हसली आणि मशीनवर जाऊन बसली. सुलभा मास्तरणीचे ब्लाऊज उद्या द्यायचेत.

५ मे

गंमतींची वही भरत आली.

गंमत ६३ – कार्टूनमध्ये भीमरथ रोबो झाला की त्याच्या मागचा ट्रेलर जातो कुठे? मामांना विचारलं होतं. म्हणाले, "आमच्या लायनीत ट्रेलर असा गायब झाला तं मालक जित्ता सोडंल का?"

गंमत ६४ – नवव्या भागात मेलेला रोबो अकराव्या भागात मागे उभा! बनवणाऱ्यांचं लक्ष नाही, माझं आहे.

गंमत ६५ – छातीवरचं चिन्ह अंगठ्याने घासून गरम केलं की कळतं, रोबो मित्र की शत्रू. आमच्या पत्र्याखाली मे महिन्यात घासावंच लागत नाही. चौघंही आपणहून खरं सांगतात.

९ मे

सापडलं! सापडलं!! वाचनालयात एका जुन्या मासिकात लोहगणावर पानभर माहिती. दोन डाव्या हातांचे भीमरथ कारखान्याच्या चुकीने निघाले आणि ती एकच खेप सुरतला विकायला गेली.

म्हणजे बाबा सुरतला आहेत! वेडेपणा नाही, पुरावा आहे माझ्याकडे. मी जाणार. समोर उभी राहून विचारणार, रोबो पाठवता येतो तर येता का येत नाही?

१० मे

आईला कळता कामा नये.

१४ मे

द्वारकामावशीकडे जाते असं सांगून निघाले. आईने दशम्या बांधून दिल्या. घनसावंगी सुटेपर्यंत मागे वळून पाहिलं नाही, पाहिलं असतं तर उतरले असते.

नवीन जालन्यातून मनमाडची गाडी, तिथून सुरत. भीमरथ पिशवीत, तिथल्या दुकानदारांना दाखवायला.

आणि स्टेशनसमोर एक हातगाडा. त्यावर ढीग. निळे भीमरथ! सगळ्यांचे दोन्ही हात डावे.

"सुरत का माल है," गाडेवाला म्हणाला. "उधर नहीं बिका तो इधर आया. तीन महिने से पड़ा है. पुराना लोहेवाला हो तो लाना, अच्छा भाव देता."

गेला माझा पुरावा. इतका राग आला! फलाटावर बसून केसातली पिन खांद्यात घातली आणि जोर लावून भीमरथ उघडलाच.

ट्रकचं तोंड दुभंगलं. फटीत लाल काहीतरी. पाच रेघांची टोकं. वास घेतला – खोबरेल तेल.

ट्रक असतानाच बोटं ओढलेली. वरची पुसून काढली, फटीतली राहिली. माझ्या हातात खोका येण्याआधीच! आणि आई दर महिन्याला अस्तर आणि दोरा आणायला इथेच येते.

मनमाडची गाडी आली. गेली. मी चढले नाही.

१५ मे

आई ब्लाऊज द्यायला गेली तेव्हा बाकीचे तिन्ही उघडून फटी सुईने खरवडल्या. तिसऱ्यात कुंकू. दुसऱ्यात कुंकू. लालावर लाल, म्हणून इतक्या वर्षांत दिसलं नाही. आणि म्हणे मी चुका शोधते!

पहिल्यात नाही. तो लोखंडी, जड. चारदा खरवडला. नाहीच.

म्हणजे बाबांनी एक पाठवला होता. एकच. मग विसरले.

खूप रडले. आई आली तर म्हणाली, "काय झालं गं?" म्हटलं, डोळ्यात कचरा गेला. ती कापायला बसली. कात्री इतकी बोथट झालीय की एकेक चीर दोनदा कापते. मी बघत राहिले, आणि ठरवलं.

२२ मे

लोखंडी भीमरथ गाडेवाल्याला दिला. त्या पैशांत जे घ्यायचं ते घेऊन शहागडला मामांकडे गेले.

सगळं ऐकून मामा कपाळाला हात लावून बसले. "आधी मायनं खोटं बोलाया लावलं, आता लेक लावून राह्यली!"

म्हटलं, मामा, या वेळी खोटं नाही. बाबांच्याच वस्तूचे पैसे आहेत.

१६ जून

मामा आले. आईच्या हातात पुडकं दिलं. "तातेरावनं धाडलं. ड्रायव्हर देऊन गेल्ता." नवी कोरी कात्री! आई मामांकडे बघतच राहिली. मग तिने कात्री उघडली. पात्यांच्या जोडात कुंकू होतं. तेवढं मी मुद्दाम पुसलं नव्हतं.