दारावरची कोरफड

हुमा,

दारावर उलटी टांगलेली कोरफड मी उतरवून कुंडीत लावलीय. नजर काय लागायची ती कवाच लागून गेली.

भूकंपात गावचं घर पडलं, नुसती चौकट उभी राहिली अन् तिला ही तशीच लटकलेली, हिरवीगार. दादीनं ती पत्र्याच्या शेडात टांगली, तुझ्या क्लासपायी लातुरात आलो तर इथं. "आपल्या घरी परतलो की मातीत लावू," म्हणायची.

ती जागा आपण विकलीय. आज सही करायला चाललेय.

भाकरी झाकून ठेवलीय. कुंडी सावलीतच राहू दे अन् पाणी अजिबात घालू नको, मुळं सडतील. माती अर्धीच भरलीय. वरची मी येताना गावाहून आणते.

अम्मी