किटलीचं पाणी

माय, छतावरच्या सोलरच्या प्लेटांनी परवा वीज द्यायचं बंद केलं. बाहेर आपल्या भूम गावचं ऊन मी म्हणत होतं आणि घरात पंखा ढिम्म. खटका खाली-वर केला, वायरी हलवल्या, पेटीवरच्या लाल दिव्याला दोन शिव्या हासडल्या. शेवटी दुरुस्तीवाला आला. त्यानं खाली सगळं तपासलं आणि वर चढला. वरूनच ओरडला, "काका, प्लेटांवर राख कुणी घासली हो? दवानं पार पापडी धरलीय. उजेड आत जानार कसा?"

घासली होती मीच. धूळ बसली म्हणून बायकोनं पाण्याचा पाईप लावायला सांगितलं होतं, पण पिण्याचं पाणी काचेवर ओतायला हात धजेना. त्या मोठ्या दुष्काळात तू दिवसभर खडी फोडून यायचीस आणि चुलीपुढं बसून दूध सोसायटीची किटली राखेनं घासायचीस. एकच म्हैस तगली होती. मी एकदा हात धुवायला तांब्या उचलतो, तर तू तो हिसकून घेतेस. "किटलीचं पानी हाय ते! हात मातीत चोळ." राखेनंतर किटली विसळायला तो एक तांब्या तू राखून ठेवायचीस, तहान लागली तरी त्याला शिवायची नाहीस. कुणाकुणाचं दूध नासलं म्हणून सोसायटीतून परत यायचं, तुझं कधीच आलं नाही. बाया म्हणायच्या, "हिच्या किटलीत तोंड बघावं." तू लाजायचीस, पण त्या दिवशी तुझं चालणंच वेगळं असायचं. मिरवायला तुझ्याजवळ दुसरं होतं तरी काय?

मी राख तेवढी उचलली आणि तुझा तांब्या विसरलो. विसरलो कसला, वाचवला. आणि त्या माणसाला म्हणालो, "आमच्या मायनं घासली. जुनं मानूस, ऐकत न्हाय." बायको माझ्याकडं बघतच राहिली. भिंतीवर तुझा हार घातलेला फोटो. उभ्या जन्मात इतकी शरम वाटली नव्हती, तरी शब्द मागं घेतला नाही. हा कागदही घडी घालून ठेवीन, बायकोला दाखवणार नाही.

त्यानं भरपूर पाणी मारून प्लेटा धुतल्या. पंखा फिरू लागला. जाताना म्हणाला, "आजीवर रागवू नका, काका. वरनं पानी मारायचं, एवढंच सांगा त्यास्नी."

"न्हाय रागवत," मी म्हणालो. आणि तसं म्हणताना, माय, मला जरा मोठेपणाही वाटला.