वाढत्या अंगाची स्टिक

२ ऑगस्ट

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नकोस. फोन केला असता, पण तुझ्या लेथच्या घरघरीत तू नुसतं हो हो करतोस आणि ठेवून देतोस. मग मी बोलले कशाला, असं होतं.

तुझी मिरी खुशाल आहे. माझ्या शिवणाच्या खोलीत तिचा पलंग टाकलाय. कापडाच्या गठ्ठ्यांत झोपली की सकाळी मला तिला शोधावं लागतं, एवढीशी तर आहे. उठते, अंडी नि दूध घेते, मैदानावर जाते, तिथून शाळा, शाळेतून परत मैदान. तिचा काडीचा त्रास नाही. उलट इतकं कमी बोलते, की थोडा त्रास दिला असता तर बरं वाटलं असतं.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. काल कोचबाईंनी मला बोलावून घेतलं. गेल्या वर्षी शाळांच्या हॉकी सामन्यात याच बाईंनी मिरीला हेरलं होतं आणि अकादमीत घेतलं होतं. तेव्हा आपण सगळे हवेत होतो. काल म्हणाल्या, की पोरगी पळते छान, चेंडू कुठे येणार ते तिला इतरांच्या आधी कळतं, पण आलेला चेंडू तिच्या स्टिकवर थांबत नाही. ताठ उभी राहून खेळते, वाकायचं नावच घेत नाही. बरोबरच्या मुली पुढे गेल्या, ही होती तिथेच. नोव्हेंबरअखेर नवी यादी लागेल आणि तिचं नाव नसलं तर तिला घरी पाठवतील. मी विचारलं, आता काही व्हायचं राहिलंय का तिचं. त्या म्हणाल्या, सोळा हे काही वय नाही, पण मुलीने मनावर घ्यायला हवं.

खरं सांगू का, मलाही वाटतं ती अंग चोरते. घरी आली की मोबाईल घेऊन भिंतीकडे तोंड करून पडते. तुझे दोन शब्द गेले तर ऐकेल. माझ्या भरवशावर पाठवलीस आणि मी इकडे लोकांचे कपडे शिवत बसले, याची लाज वाटते.

वहिनीला नमस्कार. लोभ आहेच, तो या बातमीने कमी करू नकोस.

तुझी,
धाकटी


९ ऑगस्ट

चि. मिरीस,
अनेक आशीर्वाद.

आत्याचं पत्र आलं. मी रागावून लिहितोय, तर तूही हे रागावलेलं समजूनच वाच.

मला खेळातलं कळत नाही, पण कामातलं कळतं. रंधा मारायचा तर पाठ वाकवावीच लागते. ताठ उभं राहून रंधा मारणारा सुतार मी अजून पाहिलेला नाही. तू वाकत नाहीस असं बाई म्हणतात. का वाकत नाहीस? आत्याने पोटच्या मुलीसारखी ठेवली आहे, आई तुझ्या खेळाचं दारावर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत असते. उद्यापासून वाकायचं. दुखलं तरी वाकायचं. चार दिवस दुखतं, मग अंग सवय करून घेतं. मोबाईल आत्याच्या हवाली कर.

स्टिक कशी आहे ते लिही. दर पत्रात विचारतो आणि तू नुसतं छान म्हणून मोकळी होतेस. फावड्या-कुदळींचे दांडे मी डोळे मिटून करतो, पण ही करताना नाकी नऊ आले. तुतीचं लाकूड वाफेवर वाकवताना आधीच्या सगळ्या मोडल्या, ही एक टिकली. मुद्दाम वाढत्या अंगाची केली आहे. तुझा मामा सहा फुटी आहे, तूही उंच होणार. मग दोन-तीन वर्षं दुसरी बघायला नको. मुठीवरची पट्टी सैल झाली असली तर कळव, नवी पाठवतो.

सगळ्यांचा तुझ्यावर जीव आहे, त्याला जागून राहा.

तुझे,
बाबा


१८ ऑगस्ट

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. माझ्यामुळे तुम्हाला ऐकून घ्यावं लागलं, माझं चुकलं. मोबाईल आत्याकडे दिला आहे. आता तीच माझ्यापेक्षा जास्त बघते, पण हे तिला लिहू नका.

पत्र आलं त्याच दिवसापासून वाकते आहे. दुखतं थोडं, पण तुम्ही म्हणता तशी सवय होईल.

स्टिक छान आहे. खरंच छान आहे. पट्टीसुद्धा घट्ट आहे. मुली हातात घेऊन बघतात, लाकडाचा वास घेतात. माझी एक मैत्रीण आहे, तिला सगळे लंबू म्हणतात. ती तर रोज मागते. मी देत नाही.

बाबा, मामाने कितव्या वर्षी उंची घेतली ते आईकडून विचारून ठेवाल का? सहज विचारते आहे.

आईला सांगा मी पोटभर जेवते. रागावलात तरी माया राहू द्या.

तुमची,
मिरी


२६ सप्टेंबर

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र बसून वाच. वहिनीलाही बसव. पोरगी सुखरूप आहे, ते आधीच सांगते.

परवा तिची जर्सी आत घ्यायला बसले. अकादमीने दिलेली जर्सी तिच्या अंगावर गोणीसारखी लोंबते. बाजूला टाचणी लावायला कापड धरलं आणि ती कळवळली. वर करून बघते तर डाव्या बरगडीखाली तळव्याएवढा काळानिळा डाग. जुना पिवळा पडलेला आणि त्यावर नवा. विचारलं तर म्हणे चेंडू लागला. दादा, चेंडू काय रोज एकाच जागी लागतो? मी तिची ती स्टिक आणून हातात दिली आणि मैदानावर वाकतेस तशी इथे वाक म्हटलं. वाकली. मुठीचं टोक बरोब्बर त्या डागावर जाऊन टेकलं.

स्टिक तिला लांब आहे रे. म्हणून ती ताठ उभी राहायची. आळस नव्हता, अंग चोरणं नव्हतं, काही नव्हतं. मी तुला काहीबाही लिहिलं, तू तिला दुखलं तरी वाक म्हणून लिहिलंस, आणि ती कार्टी दुखलं तरी वाकत राहिली. दीड महिना माझ्या डोळ्यांसमोर वाकत राहिली आणि मी तिचा मोबाईल जप्त केल्याच्या आनंदात होते.

दुसऱ्या दिवशी तडक कोचबाईंकडे गेले. भांडायलाच गेले होते, पण उलटंच झालं. त्या म्हणाल्या की अगदी सुरुवातीलाच त्यांनी तिला ही स्टिक लांब आहे म्हणून सांगितलं होतं आणि अकादमीतली एक दिली होती. त्या दिवशी पोरगी अशी खेळली की बाई शिट्टी वाजवायला विसरल्या. दुसऱ्या दिवशी मिरीने ती स्टिक परत रॅकमध्ये ठेवली आणि हाताला बसत नाही म्हणून सांगितलं. तेव्हापासून बाईंनी ती हट्टी आहे असं धरून ठेवलं. बाईही बिचाऱ्या हळहळल्या. म्हणाल्या, का म्हणून मीही विचारलं नाही.

मी घरी येऊन विचारलं. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा रडली. त्या दुसऱ्या स्टिकने सगळं इतकं सोपं झालं, की तुझ्या पाठीमागे काहीतरी वाईट केल्यासारखं तिला वाटलं. बाबा दर पत्रात स्टिकचं विचारतात, मग मी काय लिहू, असं मलाच विचारत होती. 

आणखी एक सांगते. ती आली त्या आठवड्यात मी तिला पँट शिवून दिली होती, खाली चांगली चार बोटं दुमड ठेवून. ती दुमड अजून उसवावी लागलेली नाही. ती आता फारशी वाढायची नाही, दादा.

तुला दोष देऊ कशी? तू मला मशीनपुढे बसायला केलेलं स्टूल आठवतं? माझे पाय पायट्याला पोचत नव्हते. वर्षभर मी कडेवर बसून मशीन चालवली, पाठीचा पार खुळखुळा झाला, पण तुला बोलले नाही. मग शेजारच्यांकडून गुपचूप स्टुलाचे पाय कापून घेतले. तेव्हाच तोंड उघडलं असतं तर तू पोरीची स्टिक करताना आधी जमिनीपासून तिच्या कमरेपर्यंत टेप लावली असतीस. ते राहून राहून मनात येतं.

रागावलास तर माझ्यावर रागाव. तिच्यावरचा लोभ तेवढा शाबूत ठेव.

तुझी,
धाकटी


४ ऑक्टोबर

चि. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचलं. दोन दिवस लेथ चालू केली नाही. गिऱ्हाईक येऊन गेलं, त्याला बरं नाही म्हणून सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं.

तुझं स्टूल मागे आलो तेव्हा मी पाहिलं होतं. ठेंगणं दिसलं. वाटलं, आपल्याच आठवणीत गडबड आहे. पाय कापलेत हे मला, सुताराला, कळलं नाही, कारण कळून घ्यायचं नव्हतं. तुझी वहिनी हे ऐकून हसली आणि हसता हसता म्हणाली की स्वयंपाकघरात मी ठोकलेल्या उंच फळीवरचा डबा ती लग्नापासून पाटावर चढून काढते. 

ती दुखलं तरी वाकत होती, हे डोळ्यांसमोरून जात नाही. जेवायला बसलो की तेच. मी ते वाक्य किती ऐटीत लिहिलं होतं. रंधा काय, पाठ काय. पोरीच्या बरगडीवर माझ्याच हाताने घासून गुळगुळीत केलेली मूठ लागत होती, आणि मी इथे बसून तिला मन लावून खेळ म्हणत होतो.

त्याहून वाईट एक आहे. स्टिक लांब झाली ती चूक झाली, माणसाच्या हातून होते. पण मी दर पत्रात कशी आहे कशी आहे म्हणून जे विचारत होतो, ते विचारणं नव्हतंच. तिने छान म्हणावं म्हणून मागत होतो. तिने दिलं.

स्टिक वरून कापून घ्यावी असं मनात आलं. पण मग खालचं तोंड जड होतं आणि मनगट जातं. कापायची नाही. नवीही करणार नाही, केली तर मापात बसो न बसो, पोर तीच धरून बसेल. तिला वेगळं पत्र लिहिलं आहे, त्यात स्टिकचं नाव काढलेलं नाही. वापरू नकोस म्हणालो तर ती माझ्यासाठी टाकेल, जशी इतके दिवस माझ्यासाठी वापरली. तूही काही बोलू नकोस. नोव्हेंबर तोंडावर आलाय आणि माझं हे गप्प बसणं तिला नडलं तर पुन्हा दोष माझाच. रात्र रात्र तेच घोळवतो. पण दुसरं काही सुचत नाही.

तिचा डाग शेक. तुझ्यावर राग नाही, लोभच आहे, आणि थोडा ओशाळलोही आहे.

तुझा,
दादा


४ ऑक्टोबर

चि. मिरीस,
अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात दुखलं तरी वाक असं लिहिलं होतं. ते चुकलं. दुखलं तर थांब, आणि कुणाला तरी सांग. मला सांगितलंस तरी चालेल.

मामाला विचारलं. त्याने सगळी उंची चौदाव्या वर्षापर्यंतच घेतली म्हणे. तू आहेस तेवढी आम्हाला पुष्कळ आहेस.

आपल्या मांजरीने भुशाच्या पोत्यात पिल्लं घातली आहेत, त्यामुळे त्या कोपऱ्यातलं काम बंद आहे. आई म्हणते, मांजरीचा मान माझ्यापेक्षा जास्त आहे. तिथे पहाटे गार व्हायला लागलं असेल, पायात मोजे घालून झोप. मोबाईल आत्याकडून परत घे.

तुझी आठवण रोज निघते, ती अशीच निघत राहो.

तुझे,
बाबा


३० नोव्हेंबर

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

यादी काल लागली. माझं नाव आहे. पहिल्या संघात नाही, दुसऱ्या संघात आहे, तेही सगळ्यांत शेवटी. आत्या रस्त्यातच रडली, लोकांना वाटलं मला काढलं. कोच मॅडम म्हणाल्या की अजून होईल तुझं, पण एक वर्ष तू फुकट घालवलंस, ते आता भरून काढ. पुढच्या यादीपर्यंत मुदत आहे. त्या रागावून नाही म्हणाल्या, तरी मला ते लागलं, कारण खरं आहे.

ऑक्टोबरपासून तुमची चार पत्रं आली. मांजरीच्या पिल्लांची नावंसुद्धा मला पाठ झाली. पण एकाही पत्रात तुम्ही स्टिकचं विचारलं नाहीत. आधी वाटलं विसरलात. मग वाटलं माझ्यावर रागावलात. मग एक दिवस मैदानावर जाताना लक्षात आलं, की आज बाबांना काय लिहायचं याचा विचारच डोक्यात नाही. त्या दिवशी रॅकमधून अकादमीची स्टिक घेतली. ती माझ्या कमरेइतकीच आहे. पहिल्या दिवशी पुन्हा तसंच पाठीमागे काही केल्यासारखं वाटलं, दुसऱ्या दिवशीही वाटलं. अजूनही कधी कधी वाटतं. पण खाली वाकते आणि चेंडू थांबतो.

डाग गेला आहे. आत्याने इतकं शेकलं की कातडीसुद्धा गेली असती.

तुमची स्टिक मी लंबूला दिली. तुम्हाला न विचारता दिली, आणि त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. तिला ती तंतोतंत बसते. परवाच्या सामन्यात ती माझ्या शेजारी खेळत होती. मी चेंडू दिला आणि तिने तुमच्या स्टिकने गोल मारला. सगळ्या तिच्याभोवती गोळा होऊन विचारायला लागल्या की ही आणलीस कुठून. तिने माझ्याकडे बोट दाखवलं. मी सांगितलं, माझ्या बाबांनी केली, माझ्यासाठी.

बाबा, तुम्ही विचारलं नाहीत तरी लिहिते. स्टिक छान आहे.

आईला नमस्कार. तुमची माया आहे तशीच असू द्या, तिचं माप मला बरोबर आहे.

तुमची,
मिरी