माझं नाव सांगून बंद केलेलं पाळणाघर

मी, अंबूबाई जोतीराम डोणकर, वय वर्षे त्र्याहत्तर, धंदा काजू कारखाना, मूळ गाव आजरा, सध्या राहणार कसबा बावडा, कोल्हापूर, हे मृत्युपत्र कुणाच्या दडपणाखाली नव्हे, तर पूर्ण शुद्धीत आणि पुष्कळशा संतापात लिहून ठेवते. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. गुडघे ठिकाणावर नाहीत, पण त्यांचं इथे काम नाही. मजकूर मी सांगितला, ॲड. प्रियदर्शनी यांनी लिहून घेतला. 'संताप' हा शब्द त्या गाळणार होत्या. मी गाळू दिला नाही.

कलम १. गेल्या वर्षी केलेलं मृत्युपत्र रद्द समजावं. त्यात मी सगळं मुलगी अनुजाच्या नावे केलं होतं आणि कारखान्यातल्या बायकांना 'कृतघ्न' म्हटलं होतं. तो शब्द मी त्यांच्याकडून परत घेते. कुणाला द्यायचा ते पुढे वाचणाऱ्याने ठरवावं.

कलम २. मिळकत माझ्या कष्टाची आहे, ती कशी ते सांगते. यजमान वारले तेव्हा अनुजा आठ महिन्यांची होती. सासरकडून घरामागचं परडं वाट्याला आलं. तिथे पत्रे टाकून चार बायकांना घेऊन मी काजू फोडायला बसले. पहिली आली ती मेहरुन्निसा, कडेवर पोर घेऊन. काजूच्या टरफलात तेल असतं, ते कातडी जाळतं. तिथे रांगती पोरं सोडायची कशी? म्हणून शेजारची खोली मोकळी केली, मधल्या भिंतीला खिडकी पाडली आणि पोरं सांभाळायला गल्लीतल्या आक्काला पगारावर ठेवलं. अनुजा त्याच खोलीत चालायला शिकली. आक्काच्या हातचा दहीभात तिला माझ्या हातच्यापेक्षा गोड लागायचा.

बायका वाढल्या तसा प्रॉव्हिडंट फंड आला, दवाखान्याच्या विम्याचं कार्ड आलं, बाळंतपणाची भरपगारी रजा आली. शेजारचा कारखानदार गणपतराव म्हणायचा, "अंबूबाई, बायकास्नी लई लाडावून ठेवलंयसा. एक दिस बुडणार बगा." मी बुडले नाही. ऐन सीझनला त्याच्या बायका चार पैसे जास्त देणाऱ्याकडे पळायच्या, माझी एक हलली नाही. शिवाय जिचं पोर खिडकीपलीकडे निवांत झोपलंय, तिचा हात काजू सोलताना घाई करत नाही. गर अख्खा निघतो. अख्ख्या गराला जो भाव आहे तो तुकड्याला नाही. तेव्हा मी हे दया म्हणून केलं असं कुणी माझ्या माघारी सांगू नये. मला ते परवडत होतं, आणि त्यांनाही.

कलम ३. चार वर्षांपूर्वी गुडघ्यांचं ऑपरेशन झालं, मी बावड्याला आले, आणि कारखान्याचं कुलमुखत्यारपत्र अनुजाला दिलं. ती शिकलेली, हुशार, एकुलती एक, राहायला माझ्याजवळच. सुरुवातीला बायका भेटायला यायच्या. मेहरुन ईदला शिरखुर्मा घेऊन एसटीने यायची. मग एकाएकी सगळ्या यायच्या बंद झाल्या. ईद गेली, दुसरीही गेली. माझ्या जिवाला फार लागलं. माणसं पगाराची असतात, आपली नसतात, असं मी अनुजाजवळ कितीदा बोलले असेन. ती मान हलवून ऐकून घ्यायची, वर मला चहा करून द्यायची. तिला तेव्हा सगळं माहीत होतं.

यंदा मे महिन्यात आक्का दारात येऊन उभी राहिली. आत यायलाच तयार नव्हती.

"अंबू, असं कसं केलंस गं? पाळणाघर मोडलंस. बायकास्नी ठेकेदाराकडं दिलंस. ना फंड, ना विमा. मुस्कानच्या पोरीनं टरफलात हात घातला आनि डोळं चोळलं. हितंच कोल्हापुरात दवाखान्यात हाय ती. तुला कळवायचं न्हाय म्हटली मेहरुन."

मुस्कान ही मेहरुनची धाकटी सून. पोरगी मुबशिरा, नुकती पाऊल टाकायला लागलेली.

मी म्हटलं, "मी कधी मोडलं?"

"अनुजानं सगळ्यांस्नी अंगणात बोलवून सांगितलं की. आईचीच इच्छा हाय म्हणून. तुजं नाव आल्यावर कोन तोंड उघडतंय?"

त्या संध्याकाळी मी अनुजाला विचारलं. ती खोटं बोलली नाही, एवढं तिच्या बाजूने लिहून ठेवते. म्हणाली, "आई, खोली पॅकिंगला हवी होती. आणि तुझं नाव घेतलं नसतं तर एकीनेही ऐकलं नसतं."

तिने पैसे चोरले असते तर मी चार शिव्या देऊन मोकळी झाले असते. बायकांनी आयुष्यभर माझ्या शब्दावर जो भरवसा ठेवला, तोच तिने त्यांच्यावर वापरला. आणि मला त्यांच्याविरुद्ध कुढत बसू दिलं, रोज माझ्यासमोर बसून. हा गुन्हा कायद्यात कुठे बसतो ते मी प्रियदर्शनींना विचारलं. त्यांनी पुढच्या कलमाचा आकडा घातला.

कलम ४. बावड्याचा फ्लॅट अनुजाला. पोटची आहे, उघड्यावर यावी असं मला वाटत नाही.

कलम ५. सोन्याच्या पाटल्या मोडून आक्काची ग्रॅच्युइटी पहिली भागवावी, मी हयातीत भागवली नसेल तर. तिला इतक्या वर्षांनी रिकाम्या हाताने घरी पाठवलं आहे. ही भेट नाही, तिचा हक्क आहे.

कलम ६. बँकेतली ठेव मुबशिराच्या नावे. दवाखान्याचं बिल मी आक्कामार्फत आधीच भरलं. उजव्या डोळ्याचं डॉक्टर अजून नक्की सांगत नाहीत. विम्याचं कार्ड असतं तर मुस्कान पोरीला घेऊन पहिल्याच दिवशी दवाखान्यात गेली असती. खर्चाच्या भीतीने ती दोन दिवस घरीच डोळा धूत बसली.

कलम ७. आजऱ्याचा कारखाना, जागा, यंत्रं आणि शिल्लक माल हे सगळं तिथे काम करणाऱ्या बायकांनी काढायच्या सहकारी संस्थेला. अट एकच. पाळणाघर, फंड, विमा आणि बाळंतपणाची रजा यांतलं काहीही बंद करायचं झालं, तर सगळ्या बायकांना समोर बसवून विचारावं. कुणाची इच्छा आहे म्हणून सांगू नये.

कलम ८. पाकिटावर छापतात ते 'अंबूबाई' हे नाव कारखान्याबरोबर जाईल. अनुजाने हे मृत्युपत्र कोर्टात नेलं तर खुशाल न्यावं. मात्र आईची इच्छा काय होती हे तिने तिथे सांगू नये. ते सांगायचा तिचा हक्क मी काढून घेतला आहे.

कलम ९. या संस्थेची अध्यक्ष व्हायला मेहरुन्निसाची संमती हवी, म्हणून मी प्रियदर्शनींना घेऊन आजऱ्याला तिच्या घरी गेले. तिने पाणी दिलं, बसा म्हणाली नाही. मी शपथेवर सांगितलं की मी तसं म्हटलं नव्हतं. तिने ऐकून घेतलं. मग प्रियदर्शनींनी कागद वाचून दाखवला. तिने विचारलं, "ह्ये कवा लागू हुतंय, काकी?"

मी म्हटलं, "मी मेल्यावर."

"मग तवर पोरं कुटं ठेवायची?"

मी कागद घडी करून पिशवीत टाकला आणि कारखान्यात गेले. कुलमुखत्यारपत्र त्याच दिवशी रद्द केलं. आक्काला बोलावून घेतलं. सही करायला बावड्याला परत गेले नाही.

सही: अंबूबाई जोतीराम डोणकर

साक्षीदार, दोघांनी माझ्यासमोर सह्या केल्या:
१. बाळाबाई विठोबा कांबळे, राहणार आजरा
२. खिजर दस्तगीर मुल्ला, राहणार आजरा

संमती, मेहरुन्निसा: जागा रिकामी ठेवली आहे. उद्या सकाळी मुस्कान पोरीला घेऊन कामावर आली तर बघू म्हणाली.

स्थळ: आजरा, कारखान्याची खिडकीपलीकडची खोली, पॅकिंगची खोकी बाहेर काढल्यावर.
दिनांक: १६ जून २०२५